सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को: दोन चंद्रोदयांचा शनिवार

तिकिटाआधी

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. दिवाळीत हा आकडा मी इतक्या जणांना सांगितला की शेवटी सौ. आतूनच ओरडून सांगायला लागली. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न एकच, "किती लांब हाय की ते?" किलोमीटर सांगितले की माणसाचं समाधान होतं. खरं तर या आकड्याचा आमच्या प्रवासाशी काही संबंध नव्हता.

मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात सेक्शन कंट्रोलर होतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंट्रोलरच्या पुढ्यात एक मोठा चार्ट असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी जोरात असली की रेघ उभट होते, रखडली की आडवी पडते. आयुष्य त्या रेघा ओढण्यात गेल्यामुळे अंतर आणि वेळ या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या दिसतच नाहीत. म्हणून मुलीनं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेलहून तिकिटं पाठवली तेव्हा मी आधी किंमत न बघता वेळा बघितल्या.

घरात मुलीच्या शाळेतला पृथ्वीगोल अजून आहे. त्यावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशावर अमेरिका डावीकडे, म्हणजे पश्चिमेला जायचं असं वाटतं. दोरा मात्र जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून गेला: लडाख, चीनचा शिनजियांगचा कोपरा, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, तिथून अलास्काच्या बाजूनं खाली. साडेतेरा हजार किलोमीटर ते हे. या दोऱ्यावरून आम्हाला कुणी नेणार नव्हतं. आमचं तिकीट हाँगकाँगमार्गे. मुंबई–हाँगकाँग सुमारे ४,२७० किलोमीटर, हाँगकाँग–सॅन फ्रान्सिस्को ११,१००. म्हणजे साधारण दोन हजार किलोमीटरचा वळसा.

"सरळ विमान नाही का गं?" मी फोनवर विचारलं.

"बाबा, आहे, पण एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केलीय. काही विमानं इंधनासाठी मध्ये उतरवतात. त्यापेक्षा हे बरं. आणि लांबचा रस्ता नेहमी जास्त वेळ घेतो असं नसतं."

हे शेवटचं वाक्य कंट्रोलरला ऐकवायचं म्हणजे कमाल झाली. पण तिनं पुरावाही दिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचा रस्ता बदलला होता. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. मग ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १५,३०० किलोमीटरवर गेलं आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. कारण एकच, वारा. अटलांटिकच्या रस्त्यावर तो समोरून यायचा, पॅसिफिकवर पाठीमागून ढकलायचा.

मी ते दोन-तीनदा कागदावर मांडून बघितलं. बरोबर होतं.

सौ.ची चौकशी वेगळ्या दिशेनं चालली होती. तिनं दाते पंचांग काढलं. हे पंचांग आमच्या सोलापूरचंच, त्यामुळे त्यावर तिचा हक्क असल्यासारखा विश्वास आहे. "अहो, ८ तारखेला शनिवारी संकष्टी आहे. आपण त्या दिवशी कुठं असू?"

"विमानात."

"मग चंद्रोदय कुठला धरायचा?"

पृथ्वीगोल समोरच होता, तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सोलापूरहून मुंबईला आता विमानही आहे. होटगी रोडच्या विमानतळाचं भाग्य उजळायला फार वर्षं लागली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी धावपट्टीच्या आड येते म्हणून वाद चालला, १५ जून २०२३ ला ती पाडली, मग जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. हवाई मार्गानं मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. शेजारच्यांना वाटत होतं की आम्ही दारातून थेट विमानानंच जाणार. पण अमेरिकेच्या तिकिटावर माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि छोट्या देशी विमानात पंधरा किलो. आमच्या एका बॅगेत चादरीच होत्या. सोलापुरी चादर दोन घेतल्या की वजनकाट्याची सुई कुठं जाते ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

तेव्हा वंदे भारत. सकाळी ६.०५ ला सुटते, १२.३५ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ४५५ किलोमीटर, साडेसहा तास, म्हणजे ताशी सत्तर. १० फेब्रुवारी २०२३ ला ही गाडी सुरू झाली तेव्हा मी फलाटावर उभा राहून बघितली होती. आज आत बसलो. कुर्डुवाडी गेलं, दौंड गेलं, पुण्यात डबा भरला. कर्जत–लोणावळा घाटात सदतीसास एक असा चढ आहे. मुंबईकडून वर चढताना बाकीच्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लावावं लागतं. ही गाडी बँकरशिवाय चढते. शेजारच्या तरुणाला मी हे सांगितलं. त्यानं कानातली बोंडं काढली, "हो का काका," म्हणाला आणि परत घातली.

दुपार आणि संध्याकाळ दादरला भाचीकडे काढली. टीव्हीवर दोन बातम्या सारख्या येत होत्या आणि दोन्ही माझ्या जुन्या धंद्यातल्या. दिल्ली विमानतळावर विमानांच्या मार्गांचे संदेश इकडून तिकडे पाठवणारी संगणक यंत्रणा बिघडली होती आणि ते काम हातानं करावं लागल्यामुळे शेकडो विमानं रखडली होती. दुसरी बातमी अमेरिकेची. तिथे १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज बंद, हवाई नियंत्रक बिनपगारी कामावर, आणि त्या दिवसापासून चाळीस मोठ्या विमानतळांवरची चार टक्के विमानं कमी केलेली. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचं नाव होतं. आंतरराष्ट्रीय विमानांना कपात नाही असं मुलीनं कळवलं होतं म्हणून सौ. निर्धास्त होती. मी तेवढा नव्हतो. महिनाभर पगार नाही आणि डोक्याला हेडफोन लावून आकाशातल्या गाड्या सांभाळायच्या, हे काय असतं ते मला कल्पनेनं कळत होतं.

रात्री साडेनऊला विमानतळावर. इथे एक गोष्ट सांगतो. परदेशी जाणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मुलं सर्रास व्हीलचेअर मागवतात. पाय दुखतात म्हणून नव्हे, इंग्रजीत कुणी काही विचारलं तर बरोबर माणूस असावा म्हणून. रांगेत पंधरा-वीस खुर्च्या लागलेल्या होत्या आणि बसणाऱ्यांपैकी निम्मे तरी पंढरीची वारी करून आलेले वाटत होते. मी नको म्हटलं. सौ. म्हणाली, "तुम्ही चाला, मी बसते," आणि खरोखर माझ्या आधी पलीकडे पोचली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

विमान मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास सुटलं. तिकिटावर वेळ छापलेली असते ती दारापासून दारापर्यंतची. जमिनीवर सरकण्याचा, रांगेत थांबण्याचा वेळ त्यातच धरलेला. रेल्वेतही शेवटच्या स्टेशनाआधी आम्ही काही मिनिटं राखून ठेवतो, त्यामुळे वाटेत उशीर झालेली गाडी मुक्कामाला वेळेवर दिसते. प्रवासी खूश, आकडेवारी खूश. विमानवाल्यांना ही विद्या अवगत आहे हे बघून आपुलकी वाटली.

हाँगकाँगला सकाळी साडेनऊ वाजले होते. माझ्या एका मनगटावर जुनं एचएमटी होतं, ते पूर्ण प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवायचं असं ठरवलं होतं. त्यात सात. इथला विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे, १९९८ मध्ये सुरू झालेला. खिडकीतून डोंगर, जहाजं आणि धुकट पाणी.

या पाण्यावरून वर गेलं की कॅन्टन, आजचं ग्वांगझौ. सोलापूरचा माणूस इथे आला की त्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. जपाननं आक्रमण केलेल्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनं निघालं, त्यात ते होते. कॅन्टनला पोचायला त्यांना दोन आठवड्यांच्या वर लागले. आम्ही मुंबईहून साडेपाच-पावणेसहा तासांत आलो आणि त्यातही सौ.ला झोप लागली. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच गेले. आमच्या वर्गात त्यांच्यावर धडा घेताना गुरुजी नकाशा उघडायचे, पण सोलापूर आणि चीन एका पानावर यायचेच नाहीत.

अमेरिकेच्या विमानात बसण्याआधी दारातच पुन्हा एक तपासणी होते. पावडरीसारखा पदार्थ साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर तो हातातल्या बॅगेत अडतो, हा नियम २०१८ पासूनचा. आणि सोलापूरची शेंगाचटणी ही दिसायला पावडरच. मोठा साठा मुलीच्या सांगण्यावरून चेक-इन बॅगेत होता, कडक भाकरीच्या चवडीबरोबर. पण एक पाव किलोची पुडी सौ.नं पर्समध्ये ठेवली होती. तपासणाऱ्या मुलीनं ती उघडली, वास घेतला, भुवया वर गेल्या. "पीनट," मी म्हटलं. "स्पायसी," सौ.नं भर घातली. त्या मुलीनं पुन्हा एकदा वास घेतला आणि परत दिली.

विमान दुपारी एकला सुटलं. पोचण्याची वेळ: त्याच दिवशी सकाळी नऊ.

चार्टवर मी ही रेघ काढून ठेवली होती. गाडी सुटते एकला आणि पोचते चार तास आधी. इतक्या वर्षांत अशी रेघ ओढायची वेळ आली नव्हती. कुणी कनिष्ठानं आणून दाखवली असती तर त्याला घरी पाठवला असता.

तैवान ओलांडून जपानच्या दक्षिणेला आलो तशी समोरच्या पडद्यावरचे आकडे हलायला लागले. ताशी ९२०, ९८०, १,०५०. मग १,१३०. इंजिनाचा आवाज तोच, विमानाचा हवेतला वेग तोच, नऊशेच्या आसपास. वरचे दोनशे-सव्वादोनशे वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा हा जेट प्रवाह हिवाळ्यात जोर धरतो आणि जपानच्या आसपास तर फारच. तो तिथेच पहिल्यांदा नीट मोजला गेला. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडसोडून त्याच्या नोंदी केल्या आणि १९२६ मध्ये अहवाल छापला, तोही एस्परांतो भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून. अर्थात जगानं तो वाचला नाही. १९४४ मध्ये उंचावरून जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बर विमानांना तो वारा अंगावर घेऊन शिकावा लागला.

पृथ्वीगोलावरचा सरळ दोरा इथून उत्तरेला अलूशियन बेटांजवळून जातो. आमचं विमान तिकडे गेलं नाही, वारा सापडेल तसं खालूनच गेलं. पडद्यावरचं कापलेलं अंतर शेवटी साडेअकरा हजारांच्या वर भरलं. वाढीव किलोमीटर, आणि वेळ बारा तासांच्या आत. मुलीचं वाक्य खरं ठरत होतं.

आपण पूर्वेला पळतो तेव्हा सूर्य पश्चिमेला पळतो. तीन-चार तासांत अंधार पडला. थोड्या वेळानं सौ.नं माझा दंड हलवला. डाव्या खिडकीतून मान वाकडी करून बघावं लागत होतं, पण होता. किंचित चेपलेला, पिवळसर, खाली ढगांची गादी.

"अहो, हा कुठल्या गावचा चंद्र?"

खाली गावच नव्हतं. माझ्या हिशेबानं आम्ही १५५ रेखांशाच्या आसपास होतो, तिथल्या वेळेनं संध्याकाळचे साडेसात, वार शनिवार. चतुर्थीची तिथी चालू, चंद्र उगवलेला. याहून जास्त नियमात बसणारा चंद्रोदय कुठला? तिनं हात जोडले, राजगिऱ्याचा लाडू काढला आणि उपास सोडला.

दोन-अडीच तासांनी आंतरराष्ट्रीय वाररेषा आली. विमान तिचं काही सांगत नाही, पडद्यावर नुसता एक तुटक उभा रस्ता असतो. रेषेच्या अलीकडे रात्रीचे साडेअकरा, शनिवार. पलीकडे रात्रीचे साडेअकरा, शुक्रवार. शनिवार संपायला अर्धा तास असताना आम्ही पुन्हा शुक्रवारात गेलो, तो शुक्रवार थोडाच वेळ टिकला आणि मग दुसऱ्यांदा शनिवार सुरू झाला. मी हे सौ.ला समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली.

"म्हणजे उपास सोडला आणि संकष्टी परत लागली?"

शनिवार, ८ नोव्हेंबर, पुन्हा

सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ खाडीच्या काठावर आहे. उतरताना शेवटच्या क्षणापर्यंत खाली पाणीच दिसतं आणि धावपट्टी अचानक चाकाखाली येते. बरोबर नऊला दोन मिनिटं कमी. बिनपगारी नियंत्रकांना मनातल्या मनात रामराम घातला. ते बंद प्रकरण पुढच्या आठवड्यात, १२ तारखेला मिटलं.

अधिकाऱ्यानं बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, किती दिवस राहणार विचारलं. खाण्याचं काय आणलंय याच्या उत्तरात आम्ही भाकरी-चटणी दोन्ही सांगितलं. सगळं वाळलेलं, भाजलेलं. जाऊ दिलं.

मुलगी बाहेर उभी होती. मिठ्या, डोळ्यांत पाणी, बॅगांचं ओझं हे सगळं नेहमीसारखं झालं. गाडीत बसल्यावर सौ.नं पहिला विषय काढला.

"आज इथं संकष्टी आहे ना गं?"

"आई, इथे बहुतेक कालच झाली."

"काल म्हणजे कुठला काल?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावरून ठरते, म्हणून ती जगभर एकाच क्षणी बदलते. चंद्रोदय मात्र गावागणिक वेगळा. भारतात शनिवारी सकाळी लागलेली चतुर्थी इथे शुक्रवारी संध्याकाळी लागलेली होती. म्हणून इथल्या लोकांचा उपास आदल्या दिवशी. जुन्या पंचांगकर्त्यांना हे रेखांशाचं गणित तोंडपाठ होतं. एका अंशाला चार मिनिटं. सोलापूरची सूर्याप्रमाणेची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सव्वीस मिनिटं मागे, मुंबईची अडतीस-एकोणचाळीस. म्हणजे दोन गावांत बारा मिनिटांचा फरक. रोज वंदे भारतनं जाणाऱ्याला तो कळत नाही एवढंच. तोच फरक वाढत वाढत इथे साडेतेरा तासांचा झालेला.

सौ.नं गणित ऐकून घेतलं आणि निर्णय स्वतःचा दिला. शनिवार आहे, उगाच शंका नको. संध्याकाळपर्यंत पुन्हा काही खाल्लं नाही. रात्री गॅलरीतून चंद्र दिसला, तेव्हा दुसऱ्यांदा उपास सोडला. मुलीनं साबुदाण्याची खिचडी केली होती. मी तोवर पहिल्या घासाला झोपलो होतो.

मधले दिवस

यावर लिहिण्यासारखं फारसं नाही, म्हणजे आम्हाला आनंद झाला पण वाचणाऱ्याला त्यात काय. साडेतेरा तासांचा फरक म्हणजे रात्रीचा पार दिवस. पहिला आठवडा आम्ही दोघं पहाटे तीनला स्वयंपाकघरात चहा घेत बसायचो. गोल्डन गेट बघितला, धुक्यात होता, अर्धा बघितला.

एका गोष्टीवर मात्र थांबतो. सनीव्हेलला कॅलट्रेन नावाची गाडी थांबते, सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे. तो लोहमार्ग १८६४ चा. आमच्या सोलापूरला गाडी १८६० मध्ये आली, तेव्हा वडीलकी आपल्याकडे. पण त्यांनी डिझेल काढून विजेच्या दुमजली गाड्या धावायला लावल्या त्या सप्टेंबर २०२४ मध्ये. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट, आपल्याकडे आहेत तेवढेच. फलाटावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा मी वहीत टिपायचो. जावई पहिल्यांदा संकोचले, मग त्यांनीच मला फोल्डिंग खुर्ची घेऊन दिली.

जानेवारीत परतायचं पक्कं होतं. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, गड्डा. १३ तारखेचा अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांच्या काठ्या सौ.नं लग्नानंतर चुकवलेल्या नाहीत. त्या हिशेबानं मुलीनं तिकीट काढलं: सोमवारी ५ तारखेच्या रात्री निघायचं, म्हणजे घड्याळात मंगळवार, ६ जानेवारी, पहाटेचा एक.

सौ.नं बॅगेतून पंचांग काढलं. ६ जानेवारी, मंगळवार, अंगारकी.

मंगळवार, ६ जानेवारी

अंगारकी वर्षातून दोन-तीनदाच येते. तिचा उपास वर्षभराच्या संकष्ट्यांच्या तोडीचा मानतात. इथल्या हिशेबानं चतुर्थीचा चंद्रोदय सोमवारी संध्याकाळी होता. म्हणजे इथे ती संकष्टी झाली, पण सोमवारची, अंगारकी नव्हेच. सौ.ला ते मान्य होईना. "मंगळवारी करायची," ती म्हणाली. विमानतळावर जाताना गाडीच्या मागच्या काचेतून चंद्र दिसत होता. तिनं मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

एकला सुटलो. आता तोच वारा समोरून. म्हणून विमान त्याला चुकवत वर, अलूशियन बेटांच्या बाजूला सरकलं. जाताना टाळलेल्या दोऱ्याच्या जवळून, म्हणजे येताना अंतर उलट कमी. वेळ मात्र पंधरा तास. पडद्यावर वेग ७९०, कधी ८१०. चार्टवर ही रेघ इतकी आडवी पडली असती की मी स्टेशन मास्तरला फोन करून कारण विचारलं असतं.

पश्चिमेला जाताना रात्र बरोबर येते. हाँगकाँग जवळ येईपर्यंत सूर्य उगवलाच नाही. आणि चंद्र, जो सोमवारी संध्याकाळी उगवला होता, तो डाव्या खिडकीत टांगून ठेवल्यासारखा तसाच. सहाएक तासांत वाररेषा आली. मंगळवार मध्यरात्री सुरू झाला होता, रेषेवर पुसला गेला आणि बुधवार लागला. आमच्या वाट्याला आलेला पूर्ण मंगळवार एवढाच, सात तासांचा. त्यात चंद्रोदय झालाच नाही, कारण चंद्र आधीपासून वर होता.

नोव्हेंबरात एका संकष्टीला दोन चंद्रोदय मिळाले, आता अंगारकीला एकही नाही. हिशेब तोंडमिळवणीचा आहे असं मी सौ.ला म्हणालो. ती हसली नाही.

मग मी मनगट पुढे केलं. एचएमटीत भारतीय वेळ होती. रात्रीचे साडेआठ, वार मंगळवार. सोलापुरात चंद्रोदय सव्वानऊच्या सुमारास. "आपल्या घराच्या गच्चीवरचा चंद्र धर," मी म्हटलं, "पंचांग सोलापूरचं, उपास सोलापूरचा." हे तिला पटलं. पाऊण तास ती घड्याळाकडे बघत बसली. वेळ झाल्यावर खिडकीकडे वळली, चंद्र होताच, आणि लाडू तोंडात घातला. शेजारच्या सीटवरच्या चिनी आजोबांनाही एक दिला. त्यांनी तो वासबीस न घेता खाल्ला.

बुधवार, गुरुवार

हाँगकाँगला सकाळी आठ. तिथे दिवसभर बाकावर. संध्याकाळचं विमान, मुंबईला रात्री उशिरा. बॅगा येईपर्यंत सिद्धेश्वर एक्सप्रेस सुटून गेली होती, ती मिळणार नाही हे आधीच माहीत होतं. रात्र डोंबिवलीला साडूंकडे. गुरुवारी दुपारी कल्याणला वंदे भारत पकडली. घाटात झोप लागली ती थेट कुर्डुवाडीला उतरणाऱ्यांच्या गडबडीनं मोडली.

सोलापूरला १०.४० ची वेळ, गाडी सहा मिनिटं आधी. फलाटावर ओळखीचा एक जुना सहकारी मुलाला घ्यायला आलेला. "काय बे, कधी आलास अमेरिकेहून? किती तास लागले?"

मी हिशेब सुरू केला. जाताना इतके, येताना इतके, मध्ये एक दिवस दोनदा आला, एक आलाच नाही. त्यानं मध्येच तोडलं, "म्हणजे दमलास की नाही?"

सौ. रिक्षावाल्याशी चादरींनी भरलेल्या जुन्या बॅगेत आता काय काय आहे आणि त्याचे वेगळे पैसे का द्यायचे नाहीत यावर बोलत होती. घरी पोचल्यावर तिनं आधी पंचांग जागेवर ठेवलं आणि पुढची पानं उलटून बघितली. पुढची अंगारकी ५ मेला आहे. त्याच्या आगेमागे आठवडाभर कुणीही कुठलंही तिकीट काढायचं नाही, असं तिनं मुलीला फोन करून सांगितलं. तिकडे तेव्हा सकाळ होती, त्याच गुरुवारची.